सहावी आज्ञा नेमकी कोणती?

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावात 1780 साली रॉबर्ट रेक्स नावाच्या वर्तमानपत्रवाल्याने रविवारची शाळा काढली, तेव्हा त्याचा हिशेब साधा होता. गरिबांची पोरे सहा दिवस कामावर राबतात आणि सातव्या दिवशी रस्त्यावर हुंदडतात; तर त्या एका मोकळ्या दिवशी त्यांना बसवावे, अक्षरे शिकवावीत, जोडीला बायबल शिकवावे. हा हिशेब जगभर जमला. आपल्याकडेही 1876 मध्ये अलाहाबादला हिंदुस्थानातल्या संडे स्कूलांची संघटना उभी राहिली. पुढे सव्वाशे-दीडशे वर्षे सगळे सुरळीत चालले आणि मग गाडी लातूरला येऊन अडली. लातूरच्या पोराला सातवा दिवस मोकळा नसतो. रविवारी त्याची टेस्ट असते.

ज्याला महाराष्ट्र ‘लातूर पॅटर्न’ म्हणतो त्याचा पाया राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात घातला गेला. जादा तास, सराव, पुन्हा सराव आणि उरलेल्या वेळात चाचणी, असे त्याचे सूत्र. 1994 मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले, त्याचे पहिले कुलगुरूही वाघमारेच. पुढे नांदेडनेही आपले भाग्यनगर-श्यामनगर क्लासांनी भरून टाकले आणि लातूरच्या ट्यूशन एरियाशी बरोबरी केली. आता या दोन शहरांत कोणता धर्म जास्त पाळला जातो हे जनगणनेत सापडणार नाही, पण रविवारी सकाळी नऊ वाजता रस्त्यावरून पाठीला दप्तर लावून जाणाऱ्या मुलांचे थवे पाहिले की अंदाज येतो.

अशा रविवारी चर्चच्या बाजूच्या खोलीत संडे स्कूल भरते. टीचर बहुधा आठवडाभर दुसऱ्या शाळेत शिकवून थकलेली असते, नाहीतर रात्रपाळी करून आलेली परिचारिका असते, आणि दोघीही आल्या नाहीत तर पाळकीणबाई असतातच. समोर सतरंजीवर पहिलीपासून आठवीपर्यंतची लेकरे. नववीत ती दिसेनाशी होतात. दहावी-बारावीची प्रार्थनेत नावे तेवढी येतात, परीक्षेपूर्वी सामर्थ्यासाठी आणि निकालानंतर सांत्वनासाठी. त्यानंतर ती थेट लग्नपत्रिका द्यायलाच उगवतात. म्हणजे शिष्यत्व या विषयावर जे काही सांगायचे आहे ते नववीच्या आत सांगून संपवावे लागते.

विषय तसा अवघड नाही असे टीचरला वाटते. येशूने बारा माणसे बोलावली, ती सगळे सोडून त्याच्यामागे गेली. एवढ्यात संपले. पण ऐकणारी लेकरे लातूरची असतात.

“टीचर, कोणत्या बेसवर घेतलं त्यांना?”

प्रवेश परीक्षा नव्हती, गुणवत्ता यादी नव्हती, पात्रतेचे कागद मागितले नव्हते, हे त्या वर्गाला पटवणे म्हणजे दगडावर डोके आपटणे. बारांतले निदान चार मासेमार. मग नावांचा घोळ सुरू होतो. शिमोन दोन, याकोब दोन, यहूदा दोन. “मंग हजेरीला वळखायचे कसे?” असा रास्त प्रश्न मागच्या रांगेतून येतो. त्यात मत्तयाच्या यादीत तद्दय आहे, तर लूकच्या यादीत त्या जागी याकोबाचा यहूदा. दोघे एकच असे टीचर सांगते. यहूदा इस्कार्योत गेल्यावर त्याच्या जागी मत्थिया आला, म्हणजे बारा शिष्यांची नावे पाठ करायची तर प्रत्यक्षात तेरा पाठ करावी लागतात. वेटिंग लिस्टमधून एक जण आत आला हे मात्र वर्गाला लगेच कळते.

सर्वांत जास्त अडचण पेत्राची. तो तीनदा येशूला ओळखत नाही म्हणाला आणि तरी पुढारी झाला. नीटच्या परीक्षेत बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीला एक कापला जातो, हे या भागातले सहावीतले पोरही जाणते. त्या हिशेबाने पेत्राचा त्या रात्रीचा स्कोअर उणे तीन. “इतक्या मायनसमध्ये असून त्यालाच मॉनिटर काऊन केलं?” या प्रश्नावर टीचर क्षमा, प्रेम, पश्चात्ताप हे सगळे शब्द वापरून बघते. वर्ग मनातल्या मनात ठरवतो, वशिला असणार.

आणि वशिल्याचा पुरावा खुद्द शुभवर्तमानातच आहे. जब्दीच्या मुलांची, म्हणजे याकोब आणि योहान यांची आई येशूपुढे येते आणि तुमच्या राज्यात माझी दोन्ही लेकरे तुमच्या उजव्या-डाव्या हाताला बसू द्या, अशी गळ घालते. मत्तयाने हे लिहून ठेवले आहे. मार्काने मात्र ही मागणी मुलांच्याच तोंडी घातली आहे. आईला वाचवले म्हणा किंवा मुलांना पकडून दिले म्हणा. ज्ञात इतिहासातली ही पहिली पालकभेट असावी. बाकीचे दहा शिष्य हे ऐकून संतापले, तेही काही नम्रतेपोटी नव्हे. आपल्या आयांना हे आधी सुचले नाही याचाच राग असणार. हा धडा शिकवताना टीचरला एरवी लागतात तशी चित्रे लागत नाहीत. वर्गाबाहेर चपला काढून, खिडकीतून आत बघत, आपल्या पोराला सुवर्णवचन म्हणायला पहिल्यांदा उठवतात की नाही हे तपासणाऱ्या आया उभ्याच असतात.

डिसेंबरात या आया आत येतात. नाताळच्या नाटकात प्रत्येकीची मुलगी मरीया व्हायच्या लायकीची असते. मरीया एकच हवी असल्यामुळे उरलेल्या सगळ्या मुली देवदूत होतात, आणि बेथलेहेमच्या आकाशात मराठवाड्यात कधी न जमलेली गर्दी होते. मेंढपाळांचे मात्र बरे आहे. दुसरीकडे त्यांना आंघोळीचे टॉवेल डोक्याला बांधून वेळ मारून न्यावी लागते. इथे शेजारून खरेखुरे घोंगडे मिळते.

एकीचा धडा त्याहून अवघड. त्यासाठी बारांतलीच एक जोडी कामी येते. मत्तय जकातदार होता, म्हणजे रोमी अमलातला वसुलीचा माणूस. एका शिमोनाला ‘जिलोत’ म्हणत, आणि तो त्या सत्तेचा कट्टर विरोधक मानला जातो. मुलांना यातले काही कळत नाही, पण मागे बसलेल्या आजोबांना चटकन कळते. निजामाच्या राज्यात सरहद्दीवर करोडगिरी नाके असत, आणि मुक्तिसंग्रामातले सैनिक ते नाके जाळत. आता नाक्यावरचा कारकून आणि तो नाका जाळायला आलेला पोरगा या दोघांना एकाच ताटात जेवायला बसवा, म्हणजे मत्तय आणि शिमोन काय प्रकार होता हे समजेल. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाचे राज्य संपल्यानंतरही मराठवाड्यात अशा दोघांनी एकमेकांच्या घरचे पाणी प्यायला किती वर्षे घेतली हे आजोबा सांगू लागतात आणि टीचरचा तास तिथेच संपतो. संडे स्कूलमधला तो सर्वांत चांगला तास असतो, हेही नमूद करायला हवे.

मुलांना एकी शिकवणाऱ्या मोठ्यांची स्वतःची एकी किती, हा प्रश्न लेकरे अजून विचारत नाहीत, पण विचारतील. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसे 10 लाख 80 हजार, म्हणजे लोकसंख्येच्या 0.96 टक्के. त्यातली पुष्कळशी मुंबई, वसई, पुणे, नगर या बाजूला. नांदेड-लातूरच्या वाट्याला आलेली मूठभर. ती मूठसुद्धा वळलेली नाही, पाच बोटे पाच दिशांना: कॅथलिक, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल, शनिवार पाळणारे अ‍ॅडव्हेंटिस्ट, शिवाय एखाद्या कॉलनीत पत्र्याच्या शेडखाली भरणारी आणि नाव दर दोन वर्षांनी बदलणारी स्वतंत्र मंडळी.

हे पंथ कोणी श्रद्धेने चोखंदळपणे निवडले असा समज असेल तर तो काढून टाकावा. जुन्या मिशनांनी आपापसात मुलूख वाटून घेतले होते. एकाच्या हद्दीत दुसऱ्याने पाऊल टाकायचे नाही. जालन्याला स्कॉटिश मिशन, औरंगाबादला चर्च मिशनरी सोसायटी, बिदरकडे अमेरिकन मेथडिस्ट. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. पुढे राज्ये बदलली, हे तालुके उस्मानाबादेत आले, 1982 मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला. इतक्या वेळा जिल्हा बदलला तरी पणजोबांच्या तालुक्याने ठरवलेला पंथ अनेक घरांत तसाच राहिला. पणतू आज छातीठोकपणे सांगतो की आमचाच मार्ग खरा.

एकत्र यायचे प्रयत्न झाले नाहीत असेही नाही. उत्तर भारतातल्या चर्चांची एकत्र येण्याची बोलणी 1929 मध्ये लखनौला सुरू झाली. मसुदे झाले, त्यांच्यावर मसुदे झाले, आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा पंथांचे मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आले. एक्केचाळीस वर्षे. सातवा पंथ, म्हणजे अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट, मांडव घालून झाल्यावर, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बाहेर पडला. म्हणून नागपूरच्या त्या सोहळ्यात मेथडिस्टही होते आणि नव्हतेही. ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन शाखेचे आत, दुसरे बाहेर. हे एखाद्या चौथीतल्या मुलीला समजावून सांगता आले तर त्या टीचरला तिथेच डॉक्टरेट द्यावी.

एक्केचाळीस वर्षे फार झाली असे ज्यांना वाटते त्यांनी टिळकांचे घर आठवावे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला 1895 च्या फेब्रुवारीत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला 1900 मध्ये. एका घरातल्या दोन माणसांना पाच वर्षे लागली, आणि त्या पाच वर्षांचे जे वर्णन लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे ते वाचल्यावर कोणतीही समिती संथ वाटत नाही. पुढे 1917 मध्ये याच टिळकांनी ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणवणाऱ्यांना बाप्तिस्म्याचा दाखला लागत नव्हता. दोन वर्षांत, 1919 च्या मे महिन्यात, टिळक गेले आणि दरबार मागे राहिला. आज त्यांची पदे ‘उपासना संगीत’मधून मराठी मंडळ्या मनापासून गातात. दाखला मात्र आधी मागतात.

बाप्तिस्म्याचा विषय निघालाच आहे तर लातूरचे पाणीही आले. तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडायचे की जाणत्या माणसाला पाण्यात पूर्ण बुडवायचे, यावर ख्रिस्ती जगात शतकानुशतके वाद झाले. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने दोन्ही पद्धती मान्य करून टाकल्या. लातूरने या वादात 2016 च्या एप्रिलमध्ये आपले मत नोंदवले. मांजरा धरण आटले होते, आणि मिरजेहून सुमारे 340 किलोमीटर रेल्वेने पाणी आणावे लागत होते. पहिल्या गाडीत दहा टाक्या, पाच लाख लिटर. शहर घागरी मोजत असताना बुडवण्याची बाजू धर्मशास्त्राने कितीही भक्कम असली तरी टँकरवाल्यापुढे टिकली नसती. नांदेडला गोदावरी आहे, वर विष्णुपुरीचा बंधारा आहे, त्यामुळे तिथे बुडवणारे थोडे वरचढ दिसतात. काही मतभेद आकाशातून येतात असे म्हणतात. काही पर्जन्यमानावरही असतात.

मोठ्यांना जमले नाही ते मुलांकडून करून घ्यावे, ही आपली जुनी रीत. म्हणून अधूनमधून सगळ्या चर्चांच्या लेकरांची संयुक्त बायबल क्विझ भरवावी असे कोणाच्या तरी मनात येते. हेतू उदात्त: एकीचा संदेश. साधन: एकमेकांना हरवायची स्पर्धा, त्यात पहिला, दुसरा, तिसरा क्रमांक आणि फिरती ढाल. लातूर पॅटर्न रविवारच्या खोलीतही शिरतो तो असा.

क्विझमध्ये पहिला प्रश्न सोपा असतो: पवित्र शास्त्रात पुस्तके किती? प्रॉटेस्टंट पोर म्हणते 66, कॅथलिक पोर म्हणते 73, आणि दोघांच्या घरी ठेवलेले बायबल काढून मोजले तर दोघेही बरोबर असतात. परीक्षक घसा खाकरून पुढच्या प्रश्नाकडे वळतो: सहावी आज्ञा कोणती? इथे तर त्याचा घामच निघतो. दहा आज्ञा दोघांच्याही दहाच, पण मोजणी वेगळी. मूर्तीविषयीची आज्ञा प्रॉटेस्टंट स्वतंत्र धरतात. कॅथलिक ती पहिलीतच घेतात आणि शेवटी लोभाच्या दोन करून दहा भरतात. मूळ ग्रंथात क्रमांक घातलेलेच नाहीत. परिणाम असा की प्रॉटेस्टंट मुलगी सहावी म्हणून खुनाला मनाई करणारी आज्ञा सांगते, आणि तिच्या शेजारचा तिसरीतला कॅथलिक मुलगा खणखणीत आवाजात “व्यभिचार!” असे म्हणतो. सभागृहात शांतता. मग दुसऱ्या रांगेतल्या बालवाडीच्या लेकराचा हात वर जातो: “टीचर, ते काय असतंय?”

समारोपाला सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतात. कॅथलिक लेकरे वाइटापासून सुटकेची विनंती करून आमेन म्हणतात, डोळे उघडतात आणि पाहतात तर बाकीची अजून देवाचे राज्य आणि गौरव यांचे शेवटचे वाक्य म्हणत असतात. त्या चार-पाच सेकंदांत जी नजरानजर होते, तिच्यात सोळाव्या शतकातली सगळी धर्मसुधारणा मावते.

नांदेडच्या मुलांची तऱ्हा आणखी निराळी. देगलूर, बिलोली, धर्माबाद इकडून आलेल्या घरांत तेलुगू, रेल्वेत आणि दवाखान्यात नोकरीला आलेल्यांत मल्याळी, गल्लीत दखनी, शाळेत मराठी. एकाच गीताच्या चार भाषांतल्या ओळी एका दमात म्हणणारे पोर इथे नवलाचे नाही. शिवाय सचखंड हुजूर साहिबच्या लंगरात ते मित्रांबरोबर कधी ना कधी मांडी घालून जेवलेले असते. शेजारी कोण बसले हे तिथे कोणी विचारत नाही, हे त्याने पाहिलेले असते. मग चर्चमध्ये प्रभुभोजनाचा धडा निघतो. एका मेजावर सर्वांनी यावे वगैरे सांगून झाल्यावर टीचरला ओघात सांगावे लागते की आपण कॅथलिकांच्या मेजाशी जाऊ शकत नाही.

“लंगरात कुणालाबी वाढतेत. मंग इथं काऊन नाही?”

टीचर घड्याळाकडे बघते. अजून वीस मिनिटे असतात. ती कृतिगीत घेते.

एकीसाठी दूर जायलाही मराठवाडा कधी कचरला नव्हता. जालन्याजवळ बेथेल वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री 1873 मध्ये इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेला न्यूयॉर्कला गेले, पागोटे घालून. सातासमुद्रापलीकडच्या पंथांबरोबर व्यासपीठावर बसायला निजामाच्या राज्यातून माणूस गेला. शेजारच्या गल्लीतल्या चर्चमध्ये मात्र आजही आमंत्रणपत्रिकेशिवाय जायचे जिवावर येते.

त्यासाठीही जगाने सोय करून ठेवली आहे. 1908 मध्ये न्यूयॉर्क राज्यात पॉल वॉटसन या धर्मगुरूने ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना-सप्ताह सुरू केला. तो दरवर्षी 18 ते 25 जानेवारीला असतो. सप्ताह म्हणतात, पण दिवस आठ, म्हणजे इथेही मोजणीचा घोळ आहेच. या दिवसांत निरनिराळ्या चर्चांनी एकमेकांकडे जाऊन प्रार्थना करावी अशी कल्पना. प्रत्यक्षात पाहुणे पाळक बोलतात, यजमान पाळक आभार मानतात, लेकरे शेवटच्या रांगेत पेंगतात किंवा बाहेर अंगणात सर्व पंथांची मिळून एक क्रिकेट टीम करतात. त्या टीममध्ये कोण कोणत्या चर्चचा हे अंपायरलाही ठाऊक नसते. भांडण होते, पण ते एलबीडब्ल्यूवरून.

तेव्हा नांदेड-लातूरच्या पाळकांना, फादरांना आणि स्पर्धा भरवणाऱ्या काका-मावशींना एक विनंती. येत्या जानेवारीत त्या आठ दिवसांतली एक संध्याकाळ लेकरांच्या हवाली करा. भाषण ठेवू नका, ढाल ठेवू नका, आज्ञांचे क्रमांक तर मुळीच विचारू नका. खिचडी मोठ्या पातेल्यात टाका, आणि वाढायला सगळ्या चर्चांमधली मोठी माणसे उभी करा.